शेळीच्या गळ्यातलं लॉकेट

आमच्या आईच्या घरासमोर आजवर एकदाच अँब्युलन्स उभी राहिली, आणि ती शेळीसाठी आली होती. हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "जनावरांची अँब्युलन्स होती का?" नाही हो, माणसांचीच. आत ऑक्सिजनचं नळकांडं, स्ट्रेचर, वर फिरणारा निळा दिवा, सगळं व्यवस्थित. आमचा दादा तर आजही हा विषय निघाला की उठून गॅलरीत जातो. म्हणून मीच सांगते.

आई सोलापुरात एकटी राहते. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली, पुढे काही वर्षांनी वडीलही गेले, पण शहराच्या कडेला दोघांनी मिळून बांधलेलं दोन खोल्यांचं घर, पुढचं अंगण आणि अंगणातला कडुलिंब एवढं मागे राहिलं. आईचं माहेर माळशिरसकडचं, मेंढरांमागे हिंडणारं. लहानपण तिनं उघड्या माळावर काढलं, त्यामुळे दाराला कडी असलेलं स्वतःचं घर ही तिच्या लेखी फार मोठी गोष्ट. त्या घरात एक तरी शेळी असतेच. सध्याची पांढरी आहे, एका कानावर काळा ठिपका, आणि स्वभावानं थेट माझ्या सासूबाई. म्हणजे समोर ठेवलेलं खाणार नाही, दुसऱ्याच्या ताटातलं सोडणार नाही. कॉलनीतल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स ती खालून वर खात जाते. चेहऱ्यापर्यंत पोचली की थांबते.

मी मोहोळला शाळेत शिकवते आणि रविवारी आईकडे जाते. दादा पुण्यात, उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावर. सगळं सुरळीत चाललं होतं, पण एका उन्हाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली वाटीसुद्धा रिकामी ठेवायची नाही, असा नियम. त्या गडबडीत तिचा पाय सटकला आणि मनगट मोडलं. ती ओरडली, पण सगळी गल्ली पाणी भरण्यात गुंतलेली, कोण ऐकणार? शेवटी नळाचं पाणी उंबरा ओलांडून रस्त्यावर आलं तेव्हा समोरचा पंक्चरवाला भांडायला आला. "चाची, पानी कायकू छोड़े?" असं म्हणत तो आत शिरला आणि आईला उचलून रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. नळ मात्र त्यानं आधी बंद केला. हे तो स्वतःच अभिमानानं सांगतो.

दादा पुण्याहून आला आणि दवाखान्यातच निकाल दिला, "बास झालं. आई आता पुण्याला."

"येते की," आई म्हणाली. "शेळी कुटं बांधायची? तुझ्या गॅलरीत?"

"शेळी विकून टाकू."

आईनं तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर आले, नर्स आली, दादानं मोसंबीचा रस धरला, आई वळली नाही. दादा खाली औषधं आणायला गेला तेव्हा ती मला म्हणाली, "पोरी, तितं मला काय बी कमी न्हाय, ठावं हाय मला. सून बी चांगली हाय. पर हितं मला दार हाय. कुनी आलं तर माज्या दारात येतंय. तितं मीच कुनाच्या तरी दारात. म्हातारपनी ते नगं वाटतंय." ती रडली नाही, मीच रडले. मला राग आला की रडू येतं. मग रडल्याचा आणखी राग येतो.

तर मी दादाशी भांडले. पुष्कळ भांडले. शेवटी असं ठरलं की आईचं घरच असं करायचं की तिला तिथं एकटं राहता येईल, आणि दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर सगळं नीट राहिलं तर ती तिथंच राहील. पुन्हा पडली किंवा काही कमी-जास्त झालं, तर शेळी विकायची आणि पुणे. आईनं मान्य केलं. आमच्या आईचं मान्य करणं म्हणजे समोरच्याला बोलू देणं.

दादानं कामाला लावलेली माणसं आली. न्हाणीघरात भिंतीला धरायला स्टीलच्या दांड्या बसल्या, खाली पाय घसरू नये म्हणून रबराची चटई आली, रात्रीबेरात्री लांब जायला नको म्हणून खाटेशेजारी कमोडची खुर्ची आली. मी पुढच्या रविवारी गेले तर दांड्यांवर लसणाच्या माळा सुकत होत्या आणि चटईवर शेळी बसली होती. तिला ती फारच मानवली होती. आईनं खुर्ची बाहेरच्या खोलीत आणून, तिच्यावर सोलापुरी चादरीची घडी घालून, पाहुण्यांसाठी ठेवली होती. झाकण बंद असलं की ती खुर्ची खरोखरच रुबाबदार दिसते. विम्याचा एजंट तिच्यावर बसून चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला म्हणे, बैठक छान आहे.

"आणि खालची बादली?" मी विचारलं.

"पानी भरलंय की तिच्यात."

"आई! कमोडची बादली आहे ती!"

"कोरी हाय! अजून कुनी बसलंय कुटं त्या कामाला?"

मी हातातला चहा खाली ठेवला. पाणी कुठलं हे विचारायचं धाडस झालं नाही. दादानं मागच्याच आठवड्यात तिथं दोन कप चहा घेतला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. इथे वाचून कळलं तर कळलं.

मग दिवसभर सोबतीला एक बाई ठेवली. काळजीवाहू म्हणतात तशी. आईला बघायला आलेल्या त्या बाईला आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली, आणि तिथंच सगळं फिसकटलं. आई तिला कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर शेळीच्या दुधाचा चहा असं घालायला लागली. उन्हाचं येते बिचारी म्हणून तिला पंख्याखाली झोपवायची आणि स्वतः भांडी घासायची, मोडलेला हात वर धरून, एका हातानं. मी एकदा अचानक गेले तर आई तिचे पाय चेपत होती. बाई मला बघून उठू लागली तर आई मलाच ओरडली, "हळू की गं, आत्ताच डोळा लागलाय तिचा." महिन्याभरानं ती बाई आपण होऊन गेली. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बाई खाऊन इतकी सुटली होती की साडीला पिन लावायला जागा उरली नव्हती.

त्यानंतर रिक्षा लावून ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात पाठवून पाहिलं. तिथं टाळ्या वाजवायच्या, मोठ्यानं हसायचं, दुपारी कॅरम. आई एक दिवस गेली. परत आल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. पर तितं सगळी म्हातारी मानसं हायती."

इतकं झाल्यावर दादानं लॉकेट पाठवलं.

काडेपेटीएवढं पांढरं मशीन, गळ्यात घालायची दोरी. आत सिमकार्ड. माणूस पडलं तर मशीनला आपोआप कळतं. मग ते आधी दादाला फोन लावतं. दादानं उचलला नाही तर शेजारच्या अक्काला. तिनंही उचलला नाही तर कंपनीच्या बाई लॉकेटमधूनच बोलतात, "आजी, तुम्ही ठीक आहात का?" बटण दाबलं तरी हेच. शिवाय लॉकेट कुठं फिरतंय ते दादाला मोबाईलवर नकाशात दिसतं. माझा नंबर त्यात नव्हता, कारण वर्गात मोबाईल नेता येत नाही. "तुझा काय उपयोग?" असं दादा म्हणाला. ते मी लक्षात ठेवलं आहे.

दादानं आईला फोनवर समजावलं, "हे गळ्यात बांधायचं. रोज सकाळी चार्ज करायचं. मग तू कुठंही असलीस तरी आम्हाला कळतं."

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. गळ्यात बांधायचं मशीन, ज्यानं चुकलेलं सापडतं. तिला यात नवीन काहीच वाटलं नाही. तिच्या माहेरी मेंढरांच्या खांडात, म्हणजे कळपात, हेच करत आले आहेत. घंटी एक तर म्होरक्याच्या गळ्यात बांधतात, नाही तर जे जनावर सारखं खांड सोडून जातं त्याच्या. राखणाऱ्या माणसाच्या गळ्यात घंटी बांधलेली तिनं जन्मात कधी पाहिली नव्हती. आणि त्या घरात सारखं सोडून जाणारं कोण होतं? आईनं लॉकेटला धूळ लागू नये म्हणून लाल कापडाची पिशवी शिवली आणि ते शेळीच्या गळ्यात बांधलं.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला ती लाल पुरचुंडी शेळीच्या गळ्यात दिसायची, पण मी समजायचे, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी बांधलं असेल. आईला विचारलं की "लॉकेट कुठंय?", ती म्हणायची, "हाय की, गळ्यातच हाय." पदर घट्ट गुंडाळलेला असायचा, मी कशाला बघतेय? ती खोटं बोलत नव्हती. कुणाच्या गळ्यात, हे मी विचारलंच नव्हतं.

गल्लीला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पोरांनी पुण्याहून शेळीसाठी मशीन धाडलं म्हणून आमचं केवढं कौतुक! पंक्चरवाला मला म्हणाला होता, "आपा, तुमारा भाई लई दिलदार आदमी है." मला वाटलं, आईसाठी केलं म्हणून म्हणतोय.

तर शेळी दुपारी कडुलिंबाखाली रवंथ करायला बसायची. शेळी बसते म्हणजे आधी पुढचे गुडघे टेकते आणि मग धप्पकन अंग टाकते. मशीनला वाटायचं, आजी पडल्या. दादाला फोन जायचा. दादा मीटिंगमध्ये. मग अक्काला. अक्का विणकरांच्या घरातली, घरी विड्या वळते. तिचं मराठी तेलुगूच्या चालीवर चालतं. फोन उचलून, मांडीवरचं सूप बाजूला ठेवून ती "अय्यो" करत धावत यायची, आणि ती धावताना बघून समोरून पंक्चरवाला. शेळी रवंथ करत असायची, आई भाकरीचं पीठ चाळत असायची. आलीच आहेस तर चहा घे. आलाच आहेस तर तेवढा पाण्याचा ड्रम सरकव. असं रोज दुपारी. पुढे पुढे आई शेळी बसायच्या वेळेला आधीच आधण ठेवू लागली.

तिकडे पुण्यात दादा रोज रात्री नकाशा बघायचा. एक दिवस त्याचा मला फोन आला. आवाज एकदम खालचा.

"तुला एक विचारू? आई रोज सकाळी कचराकुंडीजवळ अर्धा तास काय करते?"

"कचराकुंडीजवळ?"

"काल ती हायवेच्या कडेनं चालत गेली. परवा कुणाच्या तरी कार्यालयासमोर तासभर उभी होती. निवडणुकीचे फ्लेक्स लागलेत तिथं."

मी म्हणाले, भाजी आणायला गेली असेल. दादानं डॉक्टर मित्राला विचारलं होतं. मित्र म्हणाला, असं भरकटणं हे विसरण्याच्या आजाराचं पहिलं लक्षण असतं. मी रविवारी आईची परीक्षा घेतली. आज वार कोणता, माझ्या मुलीचं वय काय, गॅस कधी आला. तिनं सगळं बरोबर सांगितलं, वर विचारलं, "तुला आटवंना का झालंय गं? दवाखान्यात दाव."

दादाला हे पटलं नाही. त्यानं ठरवून टाकलं की दिवाळीची वाट बघायची नाही. पुढच्या महिन्यात येऊन आईला घेऊन जायचं. मी भांडले, पण या खेपेला माझ्या भांडण्यात जोर नव्हता. रात्री डोळे मिटले की मला आई हायवेच्या कडेनं चाललेली दिसायची. मला भीती वाटत होती.

आणि मग तो अँब्युलन्सचा दिवस.

अक्का त्या दुपारी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेली होती आणि फोन घरीच राहिला होता. शेळी धप्पकन बसली. दादा मीटिंगमध्ये. अक्काचा फोन रिकाम्या घरात वाजून थांबला. तेव्हा पहिल्यांदाच कंपनीच्या बाई शेळीच्या गळ्यात बोलल्या.

"आजी, तुम्ही ठीक आहात का?"

स्वतःच्याच गळ्यातून बाई बोलायला लागली म्हटल्यावर शेळी उभी राहून किंचाळली.

"आजी, घाबरू नका. तुम्हाला श्वास घ्यायला त्रास होतोय का?"

शेळी म्हणाली, "ब्यां."

"छातीत दुखतंय का?"

"ब्यां."

मग ती घाबरून अंगणात गोल गोल पळायला लागली. तिकडे बाईंना ऐकू येत होता धापा टाकल्याचा आवाज आणि घोगऱ्या हाका. कंपनीच्या बाई नव्या होत्या, पण कर्तव्यदक्ष. त्यांनी कळवलं की पेशंटची वाचा गेलेली आहे आणि अँब्युलन्स ताबडतोब पाठवा. आई परसात पापड वाळत घालत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नाही.

पंक्चरवाल्यानं मोहोळला आमच्या शाळेच्या ऑफिसात फोन केला, "आपा को बोलो, चाची के घर अँब्युलन्स आयी है," आणि बघायला धावला. खरं काय ते त्याला दोन मिनिटांत कळलं, आणि तो बिचारा माझ्या मोबाईलवर सारखा फोन करत राहिला. पण मोबाईल शाळेच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये होता आणि मी सोलापूरच्या एसटीत.

त्या प्रवासाचं मला काही विनोदी सांगता येत नाही. आपण नाही राहू दिलं असतं एकटं तर, एवढंच डोक्यात. दादाचंच खरं होतं, असंही वाटलं. दादाच्या बाबतीत मला असं सहसा वाटत नाही.

गल्लीत शिरले तर अँब्युलन्स अजून उभी. मी पळायला लागले. मग दिसलं की तिचं मागचं चाक काढलेलं आहे आणि पंक्चरवाला खाली बसून बाभळीचा काटा उपटतोय. अंगणात अँब्युलन्सची दोन माणसं कमोडच्या खुर्चीवर आळीपाळीनं बसून भाकरी खात होती. स्ट्रेचर कडुलिंबाखाली. स्ट्रेचरवर शेळी. ती स्ट्रेचरची चादर खात होती.

"आलीस व्हय," आई म्हणाली. "शाळा लौकर सुटली?"

मी आईला मिठी मारली आणि त्याच दमात तिच्यावर इतकी ओरडले की शेळी खाली उतरली. लॉकेट सापडलं. लाल पिशवीतून बाई अजून विचारत होत्या, "आजी, तुम्ही ऐकताय ना?" अँब्युलन्सच्या माणसांची मी माफी मागितली. त्यातला मोठा म्हणाला, "असू द्या ताई, आमचीपण शेळी आहे."

संध्याकाळी दादा पोचला. शाळेच्या क्लार्कनं त्याला फोन केला होता, आणि अनोळखी नंबर म्हणजे कामाचा असणार म्हणून त्यानं तो उचलला होता. पुण्याहून तो कशी गाडी हाणत आला असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईला धडधाकट बघून तो समोरच्या खुर्चीवर बसला. कमोडच्याच. आम्ही त्याला सगळं सांगितलं. कचराकुंडी, हायवे, फ्लेक्स. मला वाटलं, हसेल. पण तो उठूनच उभा राहिला.

"म्हणजे एवढे दिवस तुझ्या गळ्यात काहीच नव्हतं? तू पडली असतीस तर?"

"न्हाय की पडले."

"आणि ही माणसं? रोज शेळीसाठी धावून आलेली माणसं, तू खरंच पडलीस तर येतील? शेळीच असेल म्हणतील आणि बसून राहतील. झालं, ठरलं. उद्या सामान बांधायचं."

तो बोलला ते खरंच होतं. बाहेर अंगणात अंधारायला लागलं होतं, शेळीही आत आली होती. आईनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दाब."

"काय?"

"त्ये बटन. दाब आत्ता. कुनी आलं न्हाय तर येते मी पुन्याला. शेळी बी विक."

मी म्हणाले, आई, वेड्यासारखं करू नको, आज दिवसभर एवढा तमाशा झालाय, आज तर मुळीच कोणी यायचं नाही. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दादानं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग भिंतीपलीकडे अक्काचा फोन वाजायला लागला. वाजत राहिला. कोणी उचलेना. आई खाटेच्या कडेला बसून दाराकडे बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. फोन वाजून वाजून बंद पडला. दादानं मान खाली घातली. जिंकल्याचं काहीच त्याच्या तोंडावर नव्हतं.

आणि दार धाडकन उघडलं. अक्का. केस सुटलेले, हाताला ओली तंबाखू, एका पायात चप्पल. तिनं आधी शेळीकडे बघितलं. शेळी मधोमध उभी.

"शेळी तर उभी हाय! मग कोण पडलं? मावशी?" असं म्हणत ती आईला चाचपायलाच लागली. तिच्यामागे पंक्चरवाला, हातात जॅकचा दांडा. "चाची, क्या हुआ?"

"फोन का नाही उचलला?" दादानं विचारलं.

अक्का त्याच्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघत राहिली. "रोज उचलते की! आज अँब्युलन्स आलं, मग फोन उचलायला थांबलं की उशीर होतंय ना! शेळी पडली का मावशी पडली, हे फोनवर विचारत बसायचं का?"

मग आईनं हळूच विचारलं, "ह्ये मशीन आदी कुनाला फोन लावतंय?"

दादानं खिशातून मोबाईल काढला. आवाज बंद होता. लॉकेटचा नंबर त्यानं 'आई' या नावानं ठेवला होता, पडद्यावर तेच लिहिलेलं होतं. त्यानं बोटानं वर सरकवलं, खाली पुन्हा 'आई', त्याच्याखाली पुन्हा 'आई', सगळे न उचललेले. तो ते बघतच राहिला.

"ऱ्हाऊ दे रं," आई म्हणाली. "कामात असतोस."

ती उठली. शेळीच्या गळ्यातून लॉकेट सोडलं, पदरानं पुसलं आणि टाचा उंचावून दादाच्या गळ्यात अडकवलं. लाल पिशवीसकट. "ह्ये तूच बांध. जे खांड सोडून लांब जातंय, त्याच्या गळ्यात घंटी बांदायची असती. मी कुटं जातीय? मी हितंच हाय."

दादा परत त्या खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. अक्कानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्यामुळे त्याच्या शर्टाला तंबाखूचे डाग पडले. कमोडच्या खुर्चीवर, गळ्यात शेळीची पिशवी घालून रडणारा माझा मोठा भाऊ बघून मला हसू आवरेना, आणि रडूही आवरेना. हे मी आधीच सांगितलं आहे की माझं असं होतं.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्यानं न्हाणीघरातल्या दांड्यांवरच्या लसणाच्या माळा काढल्या आणि दांड्यांमागून एक नायलॉनची दोरी ओवली. खाटेशेजारून, स्वयंपाकघरातून, भिंतीला भोक पाडून थेट अक्काच्या ओसरीत. तिकडच्या टोकाला आईच्या माहेरची जुनी पितळी घंटी. शिडी दादानं धरली. दोरी कुठूनही ओढली की घंटी वाजते आणि अक्का येते. आई ती मुख्यतः चहा उकळला की ओढते. कमोडची खुर्ची न्हाणीघरात गेली, एकदाची. बादली अजून पाण्याचीच आहे.

दिवाळी होऊन गेली. आई तिथंच आहे. दादानं पुण्यात जाऊन लॉकेटमधला पहिला नंबर बदलून आईचा घातला. गंमत म्हणून घातला, असं तो म्हणतो. लॉकेट गळ्यात घालूनच तो ऑफिसातून दमून येतो आणि सोफ्यावर अंग टाकतो, तेही शेळीसारखंच धप्पकन, आणि इकडे सोलापुरात आईचा फोन वाजतो.

परवा रविवारी मी तिथंच होते. फोन वाजला. आईचे हात पिठाचे, तरी तिनं तो पहिल्याच रिंगला उचलला आणि मोठ्यानं विचारलं, "पडलास का रं?"

मग दादा म्हणाला, "न्हाय आई. बसलोय नुस्ता."

पुण्याला गेल्यापासून दादा असं बोललेला मी ऐकला नव्हता. आई म्हणाली, "बस मग," आणि फोन कानालाच लावून, दुसऱ्या हातानं भाकरी थापायला लागली.